माझा क्लोन आणि त्याचा फ्लास्क

साताऱ्याहून इंदूरला नोकरीला आले त्याला आता चार वर्षं होतील. लॅबमधल्या माझ्या सिनियरचा मला जितका राग आला, तितका आजवर कुणाचाच आलेला नाही.

आमचं काम अँटिबॉडी बनवण्याचं. उंदराच्या प्लीहेतल्या पेशींचा कॅन्सरच्या पेशींशी संयोग करायचा आणि त्या शेकडो जोड्यांतून हवी तीच अँटिबॉडी देणारी एक पेशी हुडकून वाढवायची. एका पेशीपासून वाढलेला असा एक वंश, म्हणजे क्लोन, मी पहिल्याच वर्षी पाच महिने खपून मिळवला. त्याच्या चार फ्लास्कांपैकी एक सिनियरने मागून नेला, स्वतःच्या इन्क्युबेटरमध्ये वाढवायला. मास्क हनुवटीवर ओढून, फोनवर बोलत बोलत पेशी हाताळायची त्याची सवय. मी एकदा टोकलं.

"मॅडमजी, पंधरा साल झाले मला हेच करता करता," तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी त्याच्या फ्लास्कमधल्या पेशी वाढेनाशा झाल्या. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "क्लोनच खराब होता. नवीन लोकांचा हात साफ नसतो. चलता है." वर माझी कीव आल्यासारखा हसला. माझे कान तापले. डायरेक्टर बाईंनी क्लोन फेकून द्यायला सांगितलं.

"फेकते," मी म्हणाले. "आधी दोघांचेही फ्लास्क मायकोप्लाझ्मासाठी तपासा."

हा जिवाणू साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, त्याने द्रव गढूळही होत नाही, पेशींची वाढ मात्र खुंटते. पुष्कळदा तो माणसाच्या तोंडातूनच येतो. हे सिनियरलाही ठाऊक होतं.

"माझ्यावर शक करताय?"

"हो."

नमुने बाईंनी स्वतः काढले. दुपारी निकाल आला. माझे तिन्ही फ्लास्क स्वच्छ, त्याचा दूषित.

"किट जुनं असेल," तो म्हणाला. बाईंनी नव्या किटने पुन्हा तपासायला लावलं. निकाल तोच.

माफी त्याने मागितली नाही. उलट संध्याकाळी मलाच म्हणाला, "इन्क्युबेटर साफ करून टाका, ज्युनियर आहात."

"ज्याने घाण केली, तो करेल."

बाई दारात उभ्या होत्या. त्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने हातमोजे चढवले आणि एकेक कप्पा काढून स्पिरिटने पुसायला घेतला. मी स्टूल ओढून समोर बसले. मदत केली नाही, की नजरही हटवली नाही. शेवटचा कप्पा पुसून होईपर्यंत तिथेच बसून राहिले, आणि मला फार बरं वाटलं.