तार चावते

लोणावळ्यात श्रावणात धुतलेला कपडा दिवाळीला वाळतो, असं आम्ही म्हणतो. थापच आहे, पण फार मोठी नाही. तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवायचे, तेही ठसक्यात. वाहक कोणते, दुर्वाहक कोणते, झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. या विदुषीनं व्हरांड्यात कपड्यांसाठी लोखंडी तार बांधली. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं भिंतीवरच्या लोखंडी नळीला. दिव्याची वायर त्याच नळीतून जायची. पण नळी भक्कम होती ना!

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. गणवेश वाळत घालता घालता हात झटकत आली.

"आई, तार चावते."

"तार काय कुत्रं आहे? काम टाळायला निमित्त!" मी रबरी चपलांसकट लाकडी स्टुलावर चढले, तार मुठीत धरली. "बघ. चावली?"

कार्ल्याहून धुण्याला येणाऱ्या मावशी ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. "बाई, करंट हाय तिला. मला बी झिणझिण्या आल्या."

मी त्यांचीही शिकवणी घेतली. दिव्याचं बटण बंद आहे, प्रवाह येईल कुठून? वायर सोलवटली तर बटण बंद असूनही नळीत वीज उतरते, आणि ओल्या पायांतून जमिनीत जाते. हे चित्र मी दर वर्षी फळ्यावर काढायचे.

दुसऱ्या दिवशी मीच मुलीला पुन्हा तारेकडे पाठवलं. या वेळी तिला हात झटकता आला नाही. मूठ मिटली ती उघडेचना. मी धावले, ती थेट तिला धरायला.

"हात लावू नगा!" मावशींनी मला ढकललं आणि कपडे वर टाकायच्या बांबूनं तिचा हात तारेवरून उडवला.

पोर वाचली. तळहातावर आडवा वण राहिला. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

परवा नात दहावीचं विजेचं प्रकरण घेऊन माझ्याकडे बसली होती. मुलगी शेजारी मटार सोलत होती.

नातीनं तिचा तळहात उलटा करून पाहिला. "आई, हा वण कशाचा, कधी सांगितलंच नाहीस गं?"

"तार चावली होती."

"तार काय कुत्रं आहे?" नात खिदळली.

मुलगी हसली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी पुस्तक मिटलं. "तेव्हा मीही हेच म्हणाले होते," मी नातीला म्हटलं. "नीट बस. पहिल्यापासून सांगते."

मुलीचे हात मटारांत थांबले.