दूध नासलं आणि अण्णांनी भोंगा उचलला

मित्रांनो, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितोय.

काष्टी गावातल्या एका छोट्या डेअरीचं जनसंपर्काचं काम मी बघतो. म्हणजे ग्राहकांचा ग्रुप सांभाळायचा आणि पोस्ट टाकायच्या. आज सकाळी आमच्या पिशव्यांतलं दूध तापवताच नासायला लागलं. ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. घाबरून मी त्या एकेक करून डिलीट केल्या. मग ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ असा खुलासा लिहिला, पुन्हा पुन्हा तपासला आणि आमच्या मालकांना, अण्णांना दाखवला.

अण्णांनी तो वाचला. मग ते बाहेर भरलेल्या आठवडे बाजारात गेले आणि एका भाजीवाल्याचा भोंगा घेऊन ओरडले, "आज आमचं दूध नासलंय! थंड करायचं मशीन बंद पडलं, आमी बघितलं न्हाई. चूक आमची हाय. या, पैसे परत घेऊन जा!"

डेअरी बुडाली, माझी नोकरी गेली, एवढंच डोक्यात आलं.

तेवढ्यात एक मावशी पैसे परत घ्यायला आल्या. त्यांचीही तक्रार मी सकाळी उडवली होती. मी कसाबसा म्हणालो, "मावशी, दूध नासलं हो."

"ते आमाला सकाळीच कळलं, बाबा. तुमाला कळलंय का, एवढंच बघायचं हुतं."

पैसे घेतले आणि उद्याची पिशवी सांगून त्या गेल्या.

तेव्हापासून एकच विचार करतोय. दूध तर प्रत्येकाच्या पातेल्यात होतं. मग तक्रारी पुसून मी ते नक्की कोणापासून लपवत होतो? तुम्हीच सांगा.