शेठची खबरबात

छोटूचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या मिशा पिकल्या होत्या, तरी ताईच्या तोंडी तो छोटूच होता. आईवडील गेल्यावर ही दोन भावंडं त्याच घरात राहिली. ती पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची, तो नाक्यावरच्या टपरीत घड्याळं दुरुस्त करायचा. दोघांची लग्नं राहून गेली ती गेलीच. मग छोटूचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि घरी आल्यापासून तो वॉर्डातल्या नर्सबाईंबद्दलच बोलायला लागला. ताईला काय ते कळलं. चटदिशी लग्न उरकलं. नर्सबाईंची बदली लांबच्या गावी झाली, तसा तोही आपली हत्यारं पेटीत भरून तिच्यामागे गेला.

मागे उरली ताई आणि परसातलं तळं.

तळं हा छोटूचा शब्द. ताई त्याला हौद म्हणायची. त्याने स्वतः खणून, विटा लावून, सिमेंटचा गिलावा करून तो बांधला होता आणि त्यात गोल्डफिश सोडले होते. त्यांतला सगळ्यात मोठा, ढेरपोट्या, दुसऱ्याचं खाणं हिसकावून घेणारा मासा म्हणजे शेठ. छोटू घरी आला की आधी परसात जायचा, मग पायातल्या चपला काढायचा. ताई करवादायची, "घरात माणूस आहे, तिलाही कधी विचारत जा."

नव्या बिऱ्हाडात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तिथे मासे कुठे ठेवणार? "तू बघशील ना?" एवढंच तो जाताना म्हणाला.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. एका छताखाली जन्म काढलेल्या माणसांना फोनवर काय बोलायचं ते सुचत नाही. तब्येत, हवापाणी झालं की गाडी अडायची. मग तो विचारायचा, "शेठ काय म्हणतोय?" आणि दोघंही सुटायची.

उन्हाळा तापला तसं हौदाचं पाणी हिरवंगार झालं. मासे दिसेनात. ताईचा हात स्वच्छतेचा. भांड्याला डाग दिसला तरी तिला चैन पडायचं नाही. तिने पदर खोचला, मासे टपात काढले, सगळं पाणी उपसलं आणि खराट्याने तळ, भिंती, कोपरे लख्ख घासले. हौदाचं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या फिल्टरमधला स्पंज तर साबण लावून धुतला. मग नळाला पाइप लावून हौद काठोकाठ भरला आणि मासे सोडले. पाणी असं नितळ की तळाची चीर न् चीर दिसत होती. कंबर धरली होती, पण ती खुशीत होती. रविवारी छोटूला सांगायला काहीतरी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक मासे उलटे तरंगत होते. त्यांत शेठही होता. जे जगले होते ते वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते.

ती तशीच माशांच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं बाई. ते पिंपात भरून उघडं ठेवायचं, मग घालायचं. आणि पाणी कधी सगळं काढू नका, थोडं थोडं बदला. स्पंजसुद्धा हौदाच्याच पाण्यात पिळायचा." त्याने एक बाटली दिली. तिच्यातले थेंब टाकल्यावर उरलेले मासे सावरले.

मेलेले तिने कुंपणाच्या कडेला पुरले. शेठला पुरताना तिला रडू आलं. एका माशासाठी आपण रडतोय, याची तिला लाजही वाटली.

रविवारी फोन आला. "शेठ काय म्हणतोय?"

"काय म्हणायचंय? खातोय," ताई म्हणाली.

बोलून गेली आणि मग मागे फिरता येईना. शेठ नाही म्हटलं तर पुढच्या रविवारी हा काय विचारणार? विचारायला काही उरलं नाही तर फोन तरी करेल का? मग दर आठवड्याला शेठच्या नव्या कागाळ्या निघू लागल्या. आज रुसलाय. आज धाकट्यांच्या अंगावर धावून गेला. छोटू हसायचा. ती फोन ठेवायची आणि घर पुन्हा गप्प व्हायचं.

हौदाचं मात्र ती मनापासून करू लागली. सकाळी जाळीने पानं काढायची, पिंप भरून ठेवायची, शेवाळ हाताने खेचून काढायची. तळाचा गाळ पाइप लावून हळूच ओढायची, पाणी गढूळ होऊ द्यायची नाही. शिवणाचं मशीन तिने मागच्या खिडकीशी हलवलं. गिऱ्हाइकं आली की म्हणायची, "ताई, इथे उजेड कमी नाही का?" ती म्हणायची, "सवय झाली."

दिवाळं लपवणाऱ्या माणसासारखी ती एकाच गोष्टीला भीत होती आणि ती झालीच. छोटू नर्सबाईंना घेऊन न कळवता आला आणि चपला न काढता परसात गेला. ताई मागोमाग गेली. तो बराच वेळ पाण्यात बघत राहिला.

"शेठ कुठंय?"

"नाही तो. उन्हाळ्यातच गेला. माझ्याच हाताने गेला." तिने सगळं सांगितलं, साबणासकट.

"मग इतके दिवस फोनवर काय सांगत होतीस?"

"तू विचारायचास म्हणून सांगायची."

छोटू रागावला होता, ते त्याच्या कानशिलांवरून दिसत होतं. नर्सबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाणी छान ठेवलंय हो ताईंनी." थोड्या वेळाने त्याने पॅन्ट दुमडली, हौदात उतरला आणि घरघरणारा पंप उचलून बाहेर घेतला. दोघं भावंडं पायरीवर बसली. त्याने पंपाच्या पात्यात अडकलेलं शेवाळ काढलं, तिने स्पंज पिळून दिला. संध्याकाळच्या गाडीने छोटू आणि नर्सबाई परत गेली.

पुढचा रविवार आला. सकाळ गेली, दुपार गेली, फोन वाजला नाही. ताईने माशांना खाणं टाकलं, हात पुसले आणि स्वतःच फोन लावला. असा तिने कधी लावला नव्हता.

"काय झालं? पंप बंद पडला का?" छोटूने घाबरून विचारलं.

"पंप चालू आहे. मासे बरे आहेत," ती म्हणाली. "मला करमत नाही रे. म्हणून केला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बोल," तो म्हणाला.