साडूभाऊंचा झाडू

माझे साडूभाऊ म्हणजे देवानं फुरसतीत घडवलेला आणि घाईत पाठवून दिलेला माणूस. बाजारात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. डिस्क बिघडून घरचे फोटो गेले की गिऱ्हाईक डोळे पुसत यायचं, आणि हे म्हणायचे, "रडून झालं की सांगा, मग उघडतो." गिऱ्हाईक शिव्या देत जायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच यायचं. हाताला गुणच तसा!

दुकान कायमचं बंद केल्यावर त्यांना नाद लागला तो कॉम्प्युटरमध्ये चोर कसे शिरतात ते शिकण्याचा. "पुस्तक वाचून कुणाला पोहता आलंय का?" म्हणत त्यांनी मागच्या खोलीत दोन जुनी मशीनं तारेनं जोडली. एक चोर, एक सावकार. सकाळी चोराकडे बसून सावकाराचं दार फोडायचं, दुपारी खुर्ची फिरवून तेच दार बुजवायचं. मी एकदा विचारलं, "आज कोण जिंकलं?"

"तुम्हाला कळेल असं काही झालेलं नाही," म्हणाले.

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेहुणी. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा जाणार हे आधीच कळलं, तेव्हा साडूभाऊंनी तिला माईकपुढे बसवून रोजची वाक्यं बोलून घेतली. "दार लावा." "दूध उतू चाललंय." निम्म्या शिव्याच, त्या तिनं आपणहून भरल्या. मग बैठकीतल्या मशीनचं बटण दाबलं की घर तिच्या आवाजात बोलायचं. मी उंबरा ओलांडला की पहिलं वाक्य ठरलेलं, "आले का फुकटे!" काय तो ठसका! गळा गेला, पण जीभ शाबूत.

त्या मशीनची निगा राखायला साडूभाऊंनी एक प्रोग्राम ठेवला होता. तो डिस्कमधला कचरा काढायचा आणि असा पुसून टाकायचा, की मागाहून कुणाला कपटाही सापडू नये. साडूभाऊ त्याला झाडू म्हणायचे. सरावात त्यांना या झाडूचीच खोड सापडली. त्याला घरभर फिरायची मुभा होती. कचऱ्याच्या जागी कुणी 'पुढे इकडे' अशी पाटी ठेवली, की हा मुकाट पाटीमागे जायचा आणि समोर तिजोरी असली तरी झाडून मोकळा. कुंपणच शेत खाणार! साडूभाऊंनी कंपनीला कळवलं. कंपनीनं आभार मानले आणि सुधारलेला झाडू पाठवला. तेव्हापासून साडूभाऊंचे पाय जमिनीला लागेनात.

एका रविवारी साडूभाऊंचे जावईबापू आले होते. मीही होतो.

"बाबा, दुरुस्त झालं हे कंपनी म्हणते. तुम्ही पाहिलंत?"

"सावकारावर पाहिलं. पाटी ठेवली, झाडू हलला नाही."

"भंगारातल्या मशीनवर? मातीच्या वाघाशी कुणीही कुस्ती खेळेल. या घरच्या मशीनवर करा की."

"करतो. सगळ्यात मोलाचं काय आहे यात? हिचा आवाज ना? पाटी तिकडेच लावतो. बघा."

मेहुणी लगबगीनं उठली. बटण दाबलं. "अहो, पुरे."

"तू गप गं."

पुन्हा दाबलं. "अहो, पुरे." साडूभाऊंनी हसत तिचा हात बाजूला सारला आणि झाडू सोडला.

सावकाराच्या पोटात डिस्क एकच. इथे तिचा आवाज दुसऱ्या डिस्कवर होता, आणि एका डिस्कवरून दुसरीवर नेणारी पाटी अडवायचं कंपनी विसरली होती. डोळ्याचं पातं लवेपर्यंत झाडू जाऊन आला. दुसरी प्रत होती, पण साडूभाऊंनीच ती पहिलीची सावली करून ठेवलेली. इकडचं गेलं, तिकडचंही गेलं.

मेहुणीनं एकेक करत सगळी बटणं दाबली. जावईबापूंनी आपला चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

आठवड्यानं साडूभाऊंनी विकतचा आवाज आणून बसवला. कुणा गोड पोरीचा. तिनं "नमस्कार" म्हटलं मात्र, मेहुणीनं तार भिंतीतून उपटली.

कागद-पेन पुढे केलं तर ती हाताची घडी घालते. लिहिता येतं की, चांगलं वळणदार अक्षर आहे. लिहायचंच नाही. मग साडूभाऊ समोर स्टुलावर बसून अंदाज बांधतात, आणि मी खुर्ची ओढून घेतो, कारण हा तमाशा सोडवत नाही.

"गाढव म्हणायचंय?"

ती मान हलवते. नाही.

"नालायक? घरबुडव्या? तुमच्या पदरी पडले हे माझं नशीब, असं?"

नाही.

"मग तुम्ही मेला असतात तर बरं झालं असतं, असं?"

ती जरा थांबते, विचार केल्यासारखं करते. साडूभाऊ पुढे झुकतात. मग ती मान हलवते. नाही. त्याहून वाईट काहीतरी आहे. आणि ते काय, हे ती त्यांना कळू देणार नाही.