दादाच्या बोटावरची मोसंबी

आमच्या इस्पितळात मी रक्त तपासणारी बाई. वॉर्डात मला पाठीमागं ‘हात-धुवा बाई’ म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे. बोटाला सुई टोचण्याआधी पेशंटचे हात धुतलेच पाहिजेत, हा माझा कायदा. त्यावरून मी नव्या नर्सना इतकं बोलले आहे की मी दिसले की त्या आधी नळ सोडतात.

दोनेक वर्षांपासून आमच्या डॉक्टरांचा एक अभ्यास चालू आहे. हार्ट अटॅक आलेल्या माणसाची बंद नळी फुग्यानं उघडतात, स्टेंट बसवतात. पण काहींच्या बाबतीत वाट मोकळी होऊनही रक्त पुढं नीट सरकतच नाही. असं कुणाचं होणार, हे आधी रक्तावरून ओळखता येईल का, ते डॉक्टर शोधतात. म्हणून मी आधीच रक्त घेते. पांढऱ्या पेशी किती, अंगातली सूज किती, साखर किती. तक्ते भरता भरता मलाही थोडंफार कळायला लागलं होतं. साखर फार चढलेली दिसली की रक्त पुढं अडणार, अशी धास्ती वाटायची.

एका दुपारी स्ट्रेचरवर माझा थोरला भाऊच आला. पाचोडच्या बाजारात मोसंबी विकताना त्याच्या छातीत कळ आली. तिथल्या दवाखान्यात ईसीजी काढला आणि वहिनीनं त्याला जीपमध्ये घालून थेट इकडं आणलं.

“तू हायस ना इथं? मग मला काय व्हत नाय,” घामानं चिंब झालेला दादा म्हणाला.

मी घाईघाईनं बोट टोचलं. यंत्रावर साखरेचा आकडा आला, चारशेच्या वर! माझी पाचावर धारण बसली. दादाला साखरेचा आजार कधीच नव्हता. मी लगेच शिरेतून रक्त घेतलं आणि डॉक्टरांना आकडा सांगितला. “शिरेतलं रक्त तपासा, तोवर आम्ही सुरू करतो,” म्हणत ते दादाला आत घेऊन गेले.

हातमोजे काढताना मला वास आला. मोसंबीचा. मी वहिनीकडं धावले, दादाच्या हातांचं विचारलं.

“अवं वन्सं, गिऱ्हाइकाला सोलून खाऊ घातल्याबिगर ते बोलतच नायत,” वहिनी म्हणाली. “सकाळपासून सोलतच व्हते.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! सख्ख्या भावाचेच हात मी धुतले नव्हते. यंत्रानं दादाची नाही, मोसंबीची साखर मोजली होती. शिरेतल्या रक्तात साखर थोडीशीच वाढलेली निघाली. पांढऱ्या पेशीही ठीक होत्या. लॅबमध्ये मी एकटीच हसले आणि एकटीच रडले.

पण आकडे बरे आले म्हणजे नळी ऐकेलच असं नसतं. डॉक्टर बाहेर येईपर्यंत मी वहिनीचा हात सोडला नाही. “रक्त छान धावतंय,” ते म्हणाले, तेव्हा कुठं तो सोडला. मग मी त्यांना मोसंबीचं सांगितलं. त्यांनी तक्त्यातला तो आकडा माझ्याच हातानं खोडायला लावला. बाजूला मी कारण लिहिलं, हात धुतले नव्हते. नर्सना ते हसायला संध्याकाळपर्यंत पुरलं.

दुसऱ्या दिवशी साखर पुन्हा बघायची होती. मी कोमट पाणी घेऊन गेले आणि दादाचं एकेक बोट साबणानं धुतलं. नखांत अजून पिवळं होतं.

“त्या आकड्यानं घाबरला होतास का रे?” मी विचारलं.

“आकड्याचं मला काय कळतंय? मी तुझ्या तोंडाकडं पाहत व्हतो. तुझं तोंड उतरलं, तव्हा वाटलं, संपलं आपलं.”

इतक्या वर्षांत मी किती बोटं टोचली असतील. ती माणसं कुठं बघत असतात, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“टोच आता,” दादानं बोट पुढं केलं.

मी आधी त्याच्याकडं बघून हसले, मग सुई उचलली.