शिळ्या पाण्याचं पिंप

बिस्किटवाल्यांकडून परत आलेला खोका कुलथेसरांनी टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यात नख घालून त्याचा वरचा कागद ओढला. कागद केळ्याच्या सालीसारखा सरळ निघून आला. सरांनी तो माझ्यासमोर धरला.

"मॅडम, आपण खोके विकतो. सुटे कागद विकायचे असते तर मशीन कशाला घेतलं असतं?"

कुलथेसर आमचे प्लांट हेड. आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं. ट्रकभर खोके परत आले होते आणि बिस्किटवाल्यांनी पुढची ऑर्डर थांबवली होती. आठवड्यात कारण सापडलं नाही तर गिऱ्हाईक गेलंच, असं सर म्हणाले. मग विचारलं, "चूक कुणाची?"

मी उरवड्याच्या या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे. एम.एस्सी. केमिस्ट्री. एवढं शिकलेल्या माणसाने 'तपासून सांगते' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "गम बिघडलाय. गम ज्ञानूमामा करतात. वय झालंय त्यांचं."

सरांनी मान हलवली. मामांचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपत होतं. "मग रिन्यू करायला नको. तुम्ही रिपोर्ट द्या." एकोणीस वर्षांची नोकरी मी एका वाक्यात उडवली आणि चहा प्यायला गेले.

आता गम म्हणजे काय ते सांगते. पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन कागद असतात. बाहेरचे दोन सपाट आणि मधला नागमोडी. ते एकमेकांना चिकटतात मक्याच्या स्टार्चने. मका भिजवून, दळून, त्यातून जो पांढरा भाग निघतो तो स्टार्च. घरी सूप दाट करायला आणता तो कॉर्नफ्लोअर, तोच. मक्याच्या बाबतीत माझा जरा वेडेपणा आहे. समोरचा सापडला की मी सुरू होते. तुमच्या औषधाच्या गोळीत स्टार्च, शर्टाच्या सुतावर स्टार्च, सरबतात मक्याची साखर, सलाइनमधलं ग्लुकोजसुद्धा मक्याचं. हे प्रवचन मी एकदा मामांनाही दिलं होतं. मामा इथलेच, पौडच्या पुढच्या माले गावचे. घरची भातशेती. सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले होते, "आमच्याकडं मका गुरांना घालत्यात."

तर आमच्या गममध्ये स्टार्च दोन प्रकारे जातो. थोडा भाग कॉस्टिक सोडा घालून आधी शिजवायचा. बाकीचा कच्चाच पाण्यात कालवायचा आणि दोन्ही एकत्र करायचं. हा कच्चा स्टार्च कागदाला लागल्यावर, गरम रोलरखाली शिजला पाहिजे. तिथे शिजला तर पकडतो. टाकीतच शिजला तर त्याची नुसती पेज होते.

मी तपास सुरू केला. पहिला संशय स्टार्च पुरवणाऱ्यावर. त्याला फोन करून दोन शब्द सुनावले. नमुना लॅबमध्ये पाठवला, तो उत्तम निघाला. त्याला परत फोन करायचं मात्र राहून गेलं. मग कागदाचा ओलावा मोजला. तोही ठीक. मग गमचं रजिस्टर काढलं. गम किती पातळ ते आम्ही भोक पाडलेल्या कपातून मोजतो. कप किती सेकंदांत रिकामा होतो ते लिहायचं, गम दाट निघाला तर पाणी घालून सारखा करायचा. ही पद्धत माझीच. रजिस्टरमध्ये प्रत्येक आकडा अगदी नेमका होता. मी स्वतःवर खूश झाले.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट दिसली. सुटलेले सगळे खोके दुपारच्या गमचे होते. मामा रोज दोनदा गम करायचे, सकाळी आणि जेवणानंतर. सकाळचा एकही खोका परत आला नव्हता. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं: मामा जेवतात, डुलकी काढतात, मापं चुकवतात. रिपोर्टचा मसुदा मी त्याच दिवशी टाइप करून सरांच्या टेबलावर ठेवला. कारण: मानवी चूक.

पुरावा म्हणून मामांना रंगेहाथ पकडायचं ठरवून दुसऱ्या दिवशी दुपारी मी गमच्या खोलीत स्टूल टाकून बसले. मामांनी एकदा पाहिलं आणि कामाला लागले. डुलकी वगैरे काही नाही. नळ सोडला, टाकी खुणेपर्यंत भरली, स्टार्चची गोणी उचलली. पाणी खुणेपर्यंतच आहे ना ते बघायला मी टाकीवर वाकले आणि मला दिसेनासं झालं. माझ्या चष्म्यावर वाफ बसली होती.

मी चष्मा पुसला. परत वाकले. परत वाफ.

"मामा, हे पाणी गरम आहे?"

"हाय की. तुमच्या सोलरचं हाय."

सोलर हीटर मी जानेवारीत बसवून घेतला होता. गम शिजवायला लागणारं पाणी फुकटात तापेल, अशी कल्पना. त्याबद्दल नोटीस बोर्डावर माझा फोटो लागला, तो अजून तिथेच होता. पण त्या खोलीत नळाची लाइन एकच. कच्चा स्टार्च कालवायचं पाणीही त्यातूनच येणार, हे बोर्डावरच्या बाईंना सुचलं नव्हतं. थर्मामीटर आणून बुडवला. अठ्ठावन्न अंश. सकाळी ऊन चढण्याआधी हेच पाणी गार असायचं. स्टार्च टाकीतच फुगत होता, गम दाट होत होता, आणि मग माझ्याच पद्धतीप्रमाणे त्यात पाणी घालून कपाचे सेकंद जुळवले जात होते. कागदाला लागत होतं ते पेजेचं पाणी.

"मग मला सांगितलं का नाही?"

मामांनी गोणी खाली ठेवली. "सांगितलं हुतं की. ताजं पानी चालत न्हाई म्हनलं, शिळं लागतंय. तुमी म्हनला, शिळ्या पान्यात डास व्हत्यात."

ते मला आठवलं. त्या खोलीच्या कोपऱ्यात एक निळं पिंप असायचं. मामा ते आदल्या दिवशी भरून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातलंच, रात्रभरात गार झालेलं पाणी घ्यायचे. मार्चमध्ये ऑडिट होतं. साठलेलं पाणी दिसायला नको म्हणून मी पिंप उचलायला लावलं. नंतरच्या ट्रेनिंगमध्ये 'कामातल्या अंधश्रद्धा' अशी स्लाइड केली आणि तिच्यावर त्या पिंपाचा फोटो टाकला. मामा पहिल्या रांगेत बसले होते. सगळे हसले होते, मीसुद्धा.

रजिस्टरमध्ये पूर्वी पाण्याच्या तापमानाचा एक कॉलम होता. तोही मीच काढला होता. नळाचं पाणी ते नळाचं पाणी, त्यात काय लिहायचं?

मी पिंप परत मागवलं. दुसऱ्या दिवशी त्याच स्टार्चचे दोन गम केले, एक शिळ्या पाण्याचा आणि एक सोलरच्या पाण्याचा. पहिल्याचा पुठ्ठा ओढला तर कागद फाटला, पण सुटला नाही. दुसऱ्याचा अलगद सुटला. डासांचा प्रश्न पिंपाला झाकण लावून सुटला. मार्चमध्ये हे का सुचलं नाही, ते कृपया विचारू नका.

सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. माझा मसुदा त्यांच्या टेबलावरच होता. सरांनी तो पुन्हा वाचला.

"कारण बरोबर लिहिलंय तुम्ही. मानवी चूक. फक्त मानवाचं नाव बदला."

मी बदललं. मामांची माफी मागायला गेले. मला खरोखर लाज वाटत होती. माफी मागितली आणि विचारलं, शिळं पाणीच लागतं हे तुम्हाला कसं कळलं?

"कारन मला बी ठावं न्हाई. सोलरच्या आदी पत्र्यावरची टाकी हुती. उनाचं पानी घेतलं का गम बिघडायचा. म्हनून आदल्या दिसाचं घ्यायला लागलो. कारन शिकलेल्या मान्सानी शोदायचं."

शिकलेल्या माणसाने स्लाइड केली होती.

बिस्किटवाल्यांनी दोन गाड्या तपासून घेतल्या आणि ऑर्डर सुरू केली. महिनाअखेरीला मामांच्या कॉन्ट्रॅक्टचा फॉर्म माझ्याकडे सहीला आला. पद: हेल्पर. मागचे सगळे फॉर्म काढून पाहिले. एकोणीस वर्षं तेच. कारखान्यातला प्रत्येक खोका ज्याच्या हातच्या गमवर उभा आहे, तो कागदोपत्री मदतनीस होता. आणि ट्रकभर माल परत आला, तेव्हा दोषी म्हणून मी पहिलं नाव घेतलं ते या मदतनिसाचं. मी 'हेल्पर' खोडून 'गम ऑपरेटर' लिहिलं. ऑपरेटरचा पगार वेगळा असतो. सर सही करून मोकळे झाले.

मामांनी फॉर्म लांब धरून वाचला. "म्हंजी काम वाडलं का?"

"नाही मामा. काम तेच आहे."

"मग हे आदीच लिवायला काय झालतं?" एवढं बोलून ते गम ढवळायला गेले. ते आधी का लिहिलं नाही, याचं कारण मात्र मी अजून शोधलेलं नाही, कारण ते मला माहीत आहे.