तिन्ही नळ्या जांभळ्या

सिल्वासातल्या एका औषध कंपनीच्या प्राणीघराला लागून प्रयोगशाळा होती. तिथे मी सात वर्षं जंतू ओळखण्याचं काम केलं. राहायला आमलीत होते. घरमालकीणबाई माझी ओळख "या माकडांच्या हगवणीच्या डॉक्टर" अशी करून द्यायच्या. मी डॉक्टर नव्हते. बाकीचं खरं होतं.

एका वर्षी दोन माकडांना हगवण लागली. त्याच आठवड्यात त्यांचे पिंजरे धुणाऱ्या माणसाचंही पोट बिघडलं. हा जवळच्या किलवणी गावचा, पन्नाशीचा, ठेकेदाराकडून आलेला. पोट बिघडलं तर लगेच कळवायचं, असा नियम भिंतीवर चार भाषांत लावलेला होता. तो पाळणारा माझ्या माहितीत हा एकटाच. त्याने कळवलं आणि संशयित ठरला. घरी कोंबड्या आहेत, हेही त्यानेच सांगितलं.

तिन्ही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा हगवणीचा जंतू निघाला. प्रश्न होता, त्यातला कोणता? जेजुनी आणि कोलाय हे त्या घराण्यातले सख्खे भाऊ. सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही पीळ दिलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखेच दिसतात. जेजुनी बहुधा कोंबड्यांत असतो. कोलाय पिंजऱ्यातल्या माकडांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून असू शकतो. माकडांत जेजुनी निघाला, तर रोग किलवणीहून आला असं धरून त्या माणसाचं काम जाणार होतं. मोठ्या साहेबांनी बैठकीत तसं सांगूनही टाकलं होतं, तक्त्यासकट. तक्त्यात कोंबडीचं चित्र होतं.

दोघा भावांना वेगळं करायची चाचणी सोपी आहे. नळीत हिप्पुरेट नावाचं द्रव्य घ्यायचं, त्यात जंतू सोडायचे, दोन तास ऊब द्यायची आणि वरून निनहायड्रिनचे थेंब टाकायचे. जेजुनी हिप्पुरेट तोडतो, नळी जांभळी होते. कोलायला ते जमत नाही, नळी फिकी राहते.

आमच्याकडे मात्र निकाल नुसता नळीत लागून भागत नसे, तो फोटोतही लागावा लागे. तपासणीला पाहुणे येत, त्यांच्यासाठी गुळगुळीत कागदाची फाइल असे, आणि तीत प्रत्येक चाचणीचा रंगीत फोटो. फिका जांभळा फोटोत राखाडी दिसतो. म्हणून साहेबांनी फर्मावलं होतं की जंतू भरपूर घ्यावेत. तेव्हापासून आम्ही जंतू वाढवलेली प्लेट खरवडून चांगला गोळाच उचलत असू. मीसुद्धा. माझे फोटो नवीन लोकांना नमुना म्हणून दाखवले जात, आणि मला ते आवडत असे.

तिन्ही नळ्या वांग्यासारख्या जांभळ्या झाल्या. तुलनेसाठी खात्रीच्या कोलायची चौथी नळी लावायला हवी होती, पण आमच्याकडचं वाण मेलं होतं. फाइलीत त्या जागी 'मागवले आहे' अशी नोंद होती. मी सही केली. त्या माणसाला घरी बसवलं. सोमवारच्या बैठकीनंतर ठेकेदार दुसरा माणूस देणार होता.

शुक्रवारी फाइलीत फोटो लावताना नळ्यांशेजारचा प्लेटचा फोटो पाहिला. प्लेटवर नांगर फिरल्यासारखं दिसत होतं. मी जंतूंबरोबर त्यांच्याखालचं खाद्यही उकरलं होतं. त्या खाद्यात प्रथिनांचे तुकडे असतात, आणि निनहायड्रिन असल्या कुठल्याही तुकड्याला जांभळं करतं. माझी बोटंही त्यानेच आठवडाभर जांभळी असायची. मी एक कोरी प्लेट घेतली आणि जंतूच नसलेल्या खाद्याचा तुकडा नळीत टाकला. तीही जांभळी झाली. फोटो उत्तम आला असता.

जंतू नव्याने वाढायला दोन दिवस लागतात. रविवारी जाऊन, हलक्या हाताने वरवरचे जंतू उचलून चाचणी परत केली. त्या माणसाची नळी जांभळी झाली. माकडांच्या दोन्ही फिक्या राहिल्या. जेजुनीची काही वाणं हिप्पुरेट तोडत नाहीत, म्हणून जनुकांच्या तपासणीसाठी नमुने बाहेर पाठवायला हवेत, असं मी सोमवारी बैठकीत सांगितलं.

"मग आधीच्या फोटोंचं काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"चुकीचे आहेत. मीच काढलेत."

"पण तेच चांगले आलेत, मॅडम."

शेवटी बाहेरचा अहवाल येईपर्यंत नवा माणूस घ्यायचा नाही असं ठरलं. इतिवृत्तात 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहिलं गेलं. आठ दिवसांनी अहवाल आला: माकडांत कोलाय, माणसात जेजुनी. मी स्कूटर काढली आणि किलवणीला गेले.

तो अंगणात दोरी वळत बसला होता. मी सगळं सांगितलं. चूक माझी होती, हेही. त्याने दोरी बाजूला ठेवली नाही.

"उद्यापासून यायचं ना, बेन?"

"या."

खुराडं रिकामं दिसलं म्हणून मी विचारलं. काम कोंबड्यांमुळे जातंय म्हणून त्याने घरी बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्या भावाच्या घरी पोचवल्या होत्या. भावाने जावयाला जेवायला बोलावलं होतं.

"सगळ्या?"

"जावई दोन आहेत." मग म्हणाला, "माकडांचं कळलं. माझ्या पोटात कुठनं आलं ते?"

खोटं सांगता आलं असतं. "कोंबड्यांतूनच, बहुधा," मी म्हटलं.

त्याने दोरीला आणखी एक पीळ दिला. "मग मला निदान एक तंगडी तरी द्यायला हवी होती त्यांनी," तो म्हणाला आणि चहा ठेवायला आत सांगितलं.